मेक्सिकोच्या बीच रिसॉर्टात टिप कुणाला, किती आणि कशी द्यायची

बहीण ह्युस्टनला असते, तिला मेक्सिकोतलं समुद्राकाठचं कँकुन म्हणजे विमानानं दोन-अडीच तास, आणि आम्ही कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई, तिथनं युरोपमार्गे पुढं, पोचेपर्यंत आईचे पाय सुजलेले. सात रात्री, ऑल इन्क्लुझिव्ह म्हणजे खाणं-पिणं सगळं भाड्यात धरलेलं रिसॉर्ट, आई, बाबा, मी, बायको आणि तिकडची ती दोघं. निघायच्या आधी राजारामपुरीतल्या दोघा-तिघांनी छातीठोकपणे सांगितलं की तिथं सगळं पैशात धरलेलं असतंय, टिपबिप काय द्यायची नाही. मला ते तेव्हाच पटलं नव्हतं. लग्नाआधी चार वर्षं मी ताराबाई पार्कातल्या एका हॉटेलात टेबलावर काम केलंय, बिलात सर्व्हिस चार्ज लावला म्हणजे तो पोरांच्या हातात पडतोच असं नाही हे मी स्वतः बघितलंय. म्हणून तिथं जाऊन नीट विचारून, बघून, दोन चुका करून जे कळलं ते सगळं इथं लिहितोय, आता आपल्याकडनं पण लोक जायला लागलेत आणि अमेरिकेचा चालू व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही त्यामुळं पोरांकडं गेलेले आईवडील तिथं हमखास जातात.

आधी हे समजून घ्या की टिप द्यायची का. कायद्यानं ती ऐच्छिकच आहे, कुणी मागून घेऊ शकत नाही. पण २०२५ साली तिथलं किमान वेतन दिवसाला २७८.८० पेसो होतं, म्हणजे आपले साधारण तेराशे रुपये. आकडा ऐकून बरा वाटेल, पण कँकुन हे काय जुनं गाव नव्हे, १९७० नंतर सरकारनं ठरवून पर्यटनासाठी उभं केलेलं शहर आहे, तिथं भाडं, किराणा सगळं महाग. काम करणारी माणसं चियापास, ताबास्को, वेराक्रूझ, युकातान असल्या राज्यांतनं आलेली, समुद्राकाठी हॉटेलं आणि ती राहतात आत शहरात लांब, बसनं येऊन-जाऊन. त्यांचं घर पगारापेक्षा टिपवर जास्त चालतं. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिथल्या कामगार कायद्याच्या ३४६ व्या कलमात स्पष्ट लिहिलंय की टिप हा कामगाराच्या वेतनाचा भाग आहे आणि मालकाला त्यातला वाटा घेता येत नाही. आमच्या वेळी असा कायदा कुणी दाखवला असता तर मी तो फ्रेम करून काउंटरवर लावला असता.

आणि हो, काही मोजक्या रिसॉर्टांत टिप घ्यायची नाही असा नियम असतो. खोलीत माहितीची वही ठेवलेली असते, त्यात बघा किंवा रिसेप्शनला विचारा. नियम नसेल तर द्यायची.

पैसे कुठले न्यायचे

द्यायची ती पेसोतच द्या. डॉलर कुणी नाही म्हणत नाही, पण त्या माणसाला ते बदलायला रांगेत उभं राहावं लागतं आणि बदलताना कमीच हातात पडतं. रुपयांचं तर तिथं काहीच होत नाही. आणि एक चूक आमच्या घरात झाली ती तुम्ही करू नका. आईनं पहिल्या दिवशी खोली साफ करणाऱ्या बाईंसाठी उशीवर अमेरिकेची चार नाणी ठेवली, पंचवीस सेंटची, बहिणीनं तिला विमानतळावर ट्रॉलीसाठी दिलेली. आईच्या मनात काय वाईट नव्हतं. दुसऱ्या दिवशी बारवरच्या पोरानं, त्याचं इंग्रजी चांगलं होतं, समजावून सांगितलं की परदेशी नाणी बँक बदलूनच देत नाही, नोटाच बदलतात, त्या पण फाटक्या चालत नाहीत. म्हणजे त्या बाईंच्या हातात पडलं ते शून्य. आईला इतकं वाईट वाटलं की ती पन्नास पेसोची नोट घेऊन कॉरिडॉरमध्ये त्यांची वाट बघत उभी राहिली.

१ पेसो म्हणजे साधारण साडेचार ते पाच रुपये धरा, भाव हलतो, जायच्या आधी बघून घ्या. मी डोक्यात सोपं ठेवलेलं, २० पेसो म्हणजे एक डॉलरच्या आसपास, आपले नव्वद-शंभर रुपये. मला कोल्हापुरात पेसो कुठं मिळाले नाहीत, म्हणून थोडे डॉलर आणि एक फॉरेक्स कार्ड नेलं आणि तिथं बँकेच्या एटीएममधनं पेसो काढले. मशीन विचारतं की आमच्या दरानं रुपांतर करू का, तिथं नको म्हणा, त्यांचा दर महाग असतो.

आता एक भानगड नीट लक्षात ठेवा. मेक्सिकोत पेसोची खूण आणि डॉलरची खूण एकच आहे, एस अक्षरावर उभी रेघ. मेनूकार्डावर ती खूण आणि पुढं २४० बघून बाबा उठूनच चालले होते, एका ताटाला वीस हजार रुपये म्हणून. ते २४० पेसो असतात. शंका आली तर पुढं एम आणि एन अशी दोन अक्षरं आहेत का बघा, म्हणजे राष्ट्रीय चलन, किंवा सरळ विचारा पेसो का डॉलर. टिपच्या पावतीवर पण तसंच, आकडा टाकताना कुठल्या पैशात टाकताय ते बघून टाका.

नोटा २०, ५०, १००, २००, ५०० आणि १००० च्या. जुनी २० ची नोट निळी आणि तिच्यावर बेनितो हुआरेझ, आणि २०१८ पासूनची ५०० ची नोट पण निळी आणि तिच्यावर पण बेनितो हुआरेझच, हे तिकडचे राष्ट्राध्यक्ष होते १९ व्या शतकात. संध्याकाळच्या अंधुक उजेडात बारवर २० समजून ५०० जाऊ शकतात. ५०० च्या मागं व्हेल मासा आहे, तो बघायचा. मी पहिल्याच दिवशी ५०० च्या सगळ्या वेगळ्या पाकिटात टाकल्या. ५० ची नवीन नोट जांभळट, तिच्यावर अहोलोते नावाचा पाण्यातला प्राणी आहे, ती इतकी देखणी आहे की तिथले लोक ती खर्चत नाहीत, जपून ठेवतात.

खरा प्रश्न सुट्ट्यांचा. एटीएम बहुतेक २०० आणि ५०० च्याच देतं. सुट्टे करायला ओक्सो नावाची दुकानं पावलोपावली आहेत, पाण्याची बाटली घ्यायची आणि मोठी नोट मोडायची. रिसॉर्टात असाल तर सकाळी रिसेप्शनवर मोडून मिळते, रात्री त्यांच्याकडं पण संपलेले असतात. सुट्टे म्हणताना काम्बिओ म्हणायचं. पहिल्या दिवशी आमच्याकडं सुट्टे नव्हते आणि ज्या पोरानं सहा बॅगा खोलीपर्यंत आणल्या त्याला आम्ही रिकाम्या हातानं पाठवलं, नंतर दोन दिवस तो शोधून सापडला नाही, तिसऱ्या दिवशी भेटला तेव्हा दिले. म्हणून विमानतळावर उतरल्या उतरल्या, बाहेर पडायच्या आधी, थोडे सुट्टे करून घ्याच.

रिसॉर्टात कुणाला किती

विमानतळावरनं रिसॉर्टपर्यंत सोडणाऱ्या व्हॅनच्या ड्रायव्हरला, बॅगा चढवल्या-उतरवल्या असतील तर, सगळ्या कुटुंबामागं ५० ते १०० पेसो. बेलबॉयला बॅगेमागं २० धरा. विमानतळाच्या दारात युनिफॉर्म घातलेली माणसं फुकट टॅक्सी, फुकट टूर म्हणून अडवतात, ती टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टातल्या खोलीचा वर्षातल्या ठरावीक दिवसांपुरता हक्क, विकणारी असतात, त्यांना नमस्कार करून पुढं चालायचं, टिपचा प्रश्नच नाही.

खोली साफ करणाऱ्या बाईंना तिकडं कामारिस्ता म्हणतात. सगळ्या रिसॉर्टात सगळ्यात जास्त अंगमेहनत ह्यांची आणि सगळ्यात जास्त विसरल्या जातात त्या ह्याच, कारण आपण खोलीत नसताना त्या येऊन जातात, समोरासमोर गाठच पडत नाही. खोलीमागं रोज ३० ते ५० पेसो ठेवा. रोज हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्याकडं दिवाळीला पोस्त देतात तशी शेवटच्या दिवशी एकदम देऊ असं वाटतं, पण त्यांची सुट्टी असते, पाळी बदलते, सहा दिवस एकीनं केलं आणि सातव्या दिवशी पैसे दुसरीला मिळाले असं होतं. आणि नुसते टेबलावर ठेवले तर त्या घेत नाहीत, पाहुण्यांचे राहिलेत असं समजून जिथल्या तिथं सोडतात, चोरीचा आळ कोण अंगावर घेणार. म्हणून उशीवर ठेवायचे आणि खाली कागद, पारा ला कामारिस्ता, ग्रासिआस. बायकोनं ते रोमन अक्षरात सात कागदांवर आधीच लिहून ठेवलं होतं.

आईनं महाद्वार रोडवरनं छोट्या कोल्हापुरी चपलेची किचेन नेली होती भेट द्यायला. भेट द्या, माणसं खूश होतात, पण टिपच्या बदल्यात नाही, टिपच्या वर. आणि भेट दिली की त्यासोबत चिठ्ठी द्या, खोली नंबर आणि सही घालून, रेगालो म्हणजे भेट असं लिहून, कारण कित्येक ठिकाणी कामावरनं घरी जाताना गेटवर त्यांच्या पिशव्या तपासतात आणि चिठ्ठी नसली की त्या बिचाऱ्यांना उत्तरं द्यायला लागतात.

बारवर दर ग्लासाला पैसे काढायची गरज नाही. दोन-तीन फेऱ्यांमागं २० ते ४० पेसो पुरेत, पण पहिल्या फेरीला द्या, म्हणजे चेहरा लक्षात राहतो. बाबा पीत नाहीत, त्यांचं दिवसभर नुसतं लिंबू-सोडा चालायचं, तरी त्यांनी तेवढीच टिप दिली, काम तर तेवढंच असतंय ना. समुद्रावर खाटेपर्यंत ट्रे घेऊन येणाऱ्यांना मात्र प्रत्येक वेळी २०, त्या वाळूत आणि त्या उन्हात चालून बघा म्हणजे कळेल. उन्हाळ्यात सार्गासो म्हणून समुद्री शेवाळ ढिगानं किनाऱ्याला लागतं, ते भल्या पहाटे दाताळ्यानं ओढून साफ करणारी माणसं असतात, त्यांना कुणीच देत नाही. फिरायला गेलात आणि गाठ पडली तर पाण्याची बाटली आणि २० पेसो हातात द्या.

बुफेला आपण स्वतः वाढून घेतो म्हणून टिप नाही असं नाही, प्लेटा उचलणारा, कॉफी आणणारा माणूस आहेच. नाश्त्याला आणि जेवणाला टेबलामागं २० ते ५०. रात्रीच्या बसून ऑर्डर द्यायच्या रेस्टॉरंटात, जिथं बिलच येत नाही, तिथं सहा जणांच्या टेबलाला आम्ही १०० ते १५० ठेवायचो. आपली कुटुंबं मोठी, ताटं बदलतात, कुणाला तिखट, कुणाला बिनतिखट, पाणी चारदा मागतो, म्हणजे त्या माणसाचं काम वाढतं, त्या मानानं द्या.

स्वयंपाकातल्या लोकांचं वेगळं सांगतो कारण आपल्याला त्यांची गरज पडते. आईचा सोमवार असतो. तिकडं नुसत्या घेवड्याच्या उसळीत पण बऱ्याचदा डुकराची चरबी घालतात, मान्तेका म्हणतात तिला, त्यामुळं शाकाहारी माणसानं सिन कार्ने, सिन मान्तेका असं दोन्ही सांगायचं. तव्यावरच्या एका वयस्क आचाऱ्यानं आईसाठी वेगळा तवा धुऊन बटाटे परतून दिले, दुसऱ्या दिवशी न सांगता तिच्यासाठी पपई आणि आंबा कापून ठेवलेला. आचाऱ्यापर्यंत टिप सहसा पोचत नाही, ती वाढणाऱ्याला मिळते. म्हणून असं कुणी केलं तर तव्याजवळ जाऊन ५०-१०० पेसो त्याच्याच हातात द्या.

स्पामध्ये दराच्या १५ ते २० टक्के, पण आधी विचारा, बऱ्याचदा सर्व्हिस त्यातच धरलेली असते. कन्सिअर्ज म्हणजे पाहुण्यांची बाहेरची कामं बघणारा माणूस, त्यानं नुसती माहिती दिली तर काही नाही, खटपट करून टेबल किंवा टूर मिळवून दिली तर १००.

रिसॉर्टाच्या बाहेर

बाहेरच्या रेस्टॉरंटात बिलाच्या १० ते १५ टक्के रिवाज आहे, टुरिस्ट भागात आणि चांगली सेवा मिळाली तर २० पर्यंत. बिल मात्र तुम्ही मागेपर्यंत येत नाही. आपल्याकडं शेवटचा घास तोंडात असतानाच बडीशेप आणि बिल येतं, तिथं तसं करणं म्हणजे पाहुण्याला उठा म्हणण्यासारखं मानतात. आम्ही पहिल्या दिवशी अर्धा तास बसून राहिलो, वेटर लक्ष देत नाही म्हणून बाबा टिप कमी करायला निघालेले. ला क्वेन्ता, पोर फावोर म्हणायचं, लगेच येतं.

बिल आलं की घाई करू नका, ओळ न ओळ वाचा. इव्हा म्हणजे १६ टक्के कर, ती टिप नव्हे, आणि तो बहुतेक मेनूच्या किमतीतच असतो. प्रोपिना म्हणजे टिप. प्रोपिना सुगेरिदा लिहिलं असेल तर ती नुसती सुचवलेली आहे, बेरजेत धरलेली नाही. सेर्विसिओ किंवा प्रोपिना इन्क्लुइदा असेल तर धरलेली आहे, परत द्यायची नाही. कँकुनजवळच्या प्लाया देल कार्मेन गावात किंता अव्हेनिदा म्हणून चालायचा बाजाररस्ता आहे, तिथं एका ठिकाणी आमच्या बिलात १५ टक्के आधीच जोडलेले आणि वर कार्डच्या मशीननं परत १०, १५, २० विचारलं. मेव्हण्यानं शांतपणे बिलावर बोट ठेवून दाखवलं, त्यांनी काही न बोलता दुरुस्त केलं. ग्राहकांसाठी प्रोफेको नावाची सरकारी संस्था आहे, तिचं म्हणणं स्पष्ट आहे की टिप सक्तीची करता येत नाही, तेवढं नाव घेतलं तरी चालतं. कार्डनं बिल भरलंत तरी टिप रोख द्या, हातात पडते.

टॅक्सीला टिपचा रिवाज नाही. मीटर नसतो, बसायच्या आधी भाडं ठरवा, बॅगा उचलल्या तर १०-२० वर. कोलेक्तिवो म्हणजे आपल्या वडापसारख्या व्हॅन, कँकुन ते प्लाया आणि पुढं तुलुमपर्यंत जातात, त्यात टिप नाही. गाडी भाड्यानं घेतली तर पंपावर माणूसच भरून देतो, शून्य झालंय का बघा, काच पुसली तर ५-१० पेसो. काही सुपरमार्केटांत काउंटरच्या टोकाला म्हातारी माणसं सामान पिशवीत भरतात, त्यांना पगार नसतो, फक्त तुम्ही द्याल तेच. ५-१० पेसोची नाणी त्यांच्यासाठी खिशात ठेवाच, आणि माझं ऐकाल तर तिथं हात आखडू नका.

गाइडला माणशी ५०-१०० पेसो दिवसभराच्या टूरला, आणि ड्रायव्हर वेगळा असेल तर त्याला त्याच्या निम्मे. चिचेन इत्झाला, म्हणजे माया लोकांच्या जुन्या अवशेषांवर, दिवसभर उन्हात बोलून घसा बसलेला गाइड आणि एसी गाडीत दोन तास बोलणारा गाइड यात फरक करा. बोटीवर, स्नॉर्केलला म्हणजे तोंडात नळी धरून पाण्याखाली बघायला गेलात तर, कॅप्टनच्या हातात सगळ्यांची मिळून दिली तरी चालते, ते वाटून घेतात. मारिआची गाणारे टेबलाशी आले तर आधी विचारा एका गाण्याचे किती, ती टिप नाही, त्यांचा दर असतो. नको असेल तर हसून नो ग्रासिआस.

देताना

वेटरला चुटकी, शिट्टी, टाळी अजिबात नको. आपल्याकडं ए भावा म्हणतो तसं तिथं होवेन म्हणतात, अर्थ तरुण, समोरचा पन्नाशीचा असला तरी होवेनच. बाईंना सेन्योरिता. पैसे देताना पारा उस्तेद, तुमच्यासाठी, आणि नजरेला नजर. नोट घडी करून हातात दिली की झालं, दुसऱ्यांना दाखवत देऊ नका आणि नाणी टेबलावर मोजत बसू नका. मी चार वर्षं ह्या बाजूला उभा होतो म्हणून सांगतो, रक्कम रात्री विसरायला होते, कुणी कसं दिलं ते विसरत नाही.

सेवा खरंच वाईट असेल तर न देता उठा, पण कारण आधी सांगा. किचननं उशीर केला त्याची शिक्षा वाढणाऱ्याला देऊ नका.

हिशोब हवा असेल तर आमचा असा झाला. कोल्हापूरकर चौघांचा, एक खोली आई-बाबांची आणि एक आमची, म्हणजे कामारिस्तांना रोज ८०, बार आणि समुद्रावर मिळून १००, तिन्ही जेवणं धरून आमच्या वाट्याचे १५०, सात दिवसांचे २३०० च्या आसपास. येता-जाता बॅगा आणि व्हॅन ३००, टूरला ६००. सगळे ३२०० पेसो, म्हणजे पंधरा हजार रुपये. चार जणांच्या तिकिटांवर जे घातलं त्यापुढं हे काहीच नाही, पण जायच्या आधीच बाजूला काढून ठेवा, मग तिथं दर वेळी मन खात नाही. आम्ही रोज सकाळी तीन कप्प्यांच्या छोट्या पाकिटात त्या दिवसाचे सुट्टे भरायचो, ते बाबांकडं, कारण त्यांना हे काम आवडायला लागलं होतं.

शेवटच्या दिवशी खोली सोडताना पण कामारिस्ताचे पैसे ठेवायचे, सगळ्यात जास्त साफसफाई त्या दिवशीच असते. पेसोची नाणी इकडं कुणी बदलून देणार नाही, ती सगळी तिथंच उशीवर कागदासोबत ठेवा, त्यांची स्वतःची नाणी त्यांना चालतात. फक्त बेलबॉयचे आणि व्हॅनवाल्याचे मिळून १५०-२०० आधी खिशात काढून ठेवा, आणि मग पाकीट रिकामं करा.